दोनदा हात आपटला की सोडायचे

साक्षीदाराचा जबाब. वार रविवार, सुरुवात दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी.

नाव: ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. हाकेचे नाव मॅटआजी.
वय: ६७ वर्षे. ओळखपत्रावर ६४ आहे, ते लिहिणाऱ्याने मला न विचारता लिहिले.
शिक्षण: तिसरी. सही येते, अंगठा पुढे करू नये.
धंदा: साफसफाई, स्वसंरक्षण वर्गाचा हॉल.
राहणार: हॉलच्या मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीला लागून, एक खोली.

वर लिहिलेली बाई मीच. मला इथे कोणी धरून आणलेले नाही, माझ्या पायांनी आले. विचारले ते सांगते आणि विचारायचे राहील तेही सांगते, ते असे:

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर जो वर्ग चालतो, त्याचा हॉल मी सहा वर्षे झाडते-पुसते. हॉल पंधरा पावले लांब, नऊ पावले रुंद. खाली फरशी आणि फरशीवर मॅट. मॅटचे साठ तुकडे आहेत, त्यांच्या कडांना दाते असतात, ते एकमेकांत बसतात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मी तेलरंगाने आकडा घातला आहे, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जागा बदलली की कड वर उचलते आणि कोणाचा तरी पायाचा अंगठा दुखावतो. रविवारी वर्गाला सुट्टी. त्या दिवशी सगळ्या मॅट उचलायच्या, गच्चीवर नेऊन साबणाने घासायच्या, खालची फरशी खराट्याने धुवायची, आणि उन्हे उतरली की परत आकड्याप्रमाणे लावायच्या, असा माझा रिवाज आहे. शहाण्या माणसांच्या पायांना केवढा घाम येतो ते मॅट उचलल्याशिवाय कळत नाही.

वर्गातला एक नियम आधी लिहून घ्यावा, नाहीतर पुढचे समजणार नाही. तिथे एकमेकांचे हातपाय पकडायला शिकवतात. पकडीत दुखू लागले की ज्याला पकडले आहे त्याने मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर हात दोनदा आपटायचा. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की पकड सोडायची. लगेच सोडायची, विचार करून नाही. 'कळलं नाही', 'ऐकू आलं नाही' हे तिथे चालत नाही. सर पहिल्या दिवशी हेच सांगतात आणि त्यानंतर रोज सांगतात. मी ते इतक्या वेळा ऐकले आहे की कोणी दारावर दोनदा ठोकले तरी माझ्या हातातले फडके सुटते.

माझ्या नातीविषयी विचारल्यावरून सांगते की, ती एकोणीस वर्षांची आहे. ती माझ्या लेकीची मुलगी. लेक दुसऱ्या गावी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते, महिन्यातून एकदा येते. मुलगी दोन वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. जावई आहेत. त्यांच्याविषयी आज लिहायचे कारण नाही.

नातीला आम्ही काडी म्हणतो. तेराव्या वर्षी मी तिला वर्गात घातले तेव्हा ती काडीच होती. दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या वळणावर बसायची. सरांनी तिला पहिले तीन महिने फक्त पडायला शिकवले. मी सरांना म्हटले, "पडायला काय शिकवता? ते तिला घरून येतंच." सर म्हणाले, "आजी, पडता येतं तिलाच उभं राहता येतं. बघत राहा." मी बघत राहिले, माझे काम तेच आहे, सगळ्यांच्या मागून बघायचे आणि पुसायचे.

पडण्यातही कौशल्य असते हे मला साठी उलटल्यावर कळले. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, दंडापासून तळव्यापर्यंत अख्खा हात एकदम जमिनीवर आपटायचा, म्हणजे मार सगळीकडे वाटला जातो. एकटा तळवा कधीही टेकवायचा नाही. तळवा टेकवला की सगळ्या अंगाचा भार मनगटावर येतो. काडी रोज पन्नास वेळा पडते. पुढे, मागे, दोन्ही कुशींवर. वरचा पट्टा मिळाला तरी तिने ते थांबवलेले नाही. दोरीवरच्या उड्या मी मोजणे सोडून दिले. पाठीला वाळूची पिशवी बांधून ती तोच जिना दहा वेळा चढते-उतरते, ज्या जिन्याच्या वळणावर बसायची. कोपरांवर आडवी होऊन अंग फळीसारखे ताठ धरते, तेवढ्यात माझा तिच्या भोवतीचा सगळा हॉल पुसून होतो आणि तिचा श्वास तसाच, झोपलेल्या बाळासारखा. मी बाकी कोणाला देखणे म्हणत नाही. पण तेव्हा मी पोछा बाजूला ठेवून उभी राहिले आहे, हे खरे आहे.

तिची अग्निशमन दलात निवड झाली आहे. एक तारखेला, म्हणजे आजपासून अकराव्या दिवशी हजर व्हायचे आहे. निवडपत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिले आहे की, मारहाणीचा गुन्हा नोंद असेल तर निवड रद्द समजावी. ते मी स्वतः बोट ठेवून वाचले. अर्धा तास लागला, पण वाचले.

काडीने माझा हात मोडला अशी फिर्याद देणाऱ्या इसमाविषयी विचारल्यावरून सांगते की, त्याला वर्गात सगळे दादा म्हणतात. नऊ वर्षे वर्गात आहे. अंगाने दांडगा, हाताने चपळ, काळा पट्टा. लहान मुलींची तुकडी तो शिकवायचा. कौशल्यात तो कमी आहे असे मी म्हणणार नाही, खोटे बोलायला मी आलेले नाही. पण गेली दोन-तीन वर्षे तो फक्त पाडायचा, पडायचा नाही. पडायच्या सरावाला त्याची कंबर दुखायची. आणि दुसरे म्हणजे, मुलींनी टॅप केला तरी तो लगेच सोडायचा नाही. जरा वेळ धरून ठेवायचा. एवढासाच, एक आवंढा गिळायला लागतो तेवढा. हसायचा आणि सोडायचा. मी पुसता पुसता पाहिले आहे. मी तेव्हा काही बोलले नाही, हेही लिहा.

मागच्या सोमवारी अकरा वर्षांच्या एका मुलीने दोनदा टॅप केला, मग चारदा केला, मग ती रडली. तिचा खांदा अजून वर जात नाही. काडी त्या वेळी शेजारच्या मॅटवर होती. तिने सरांना जाऊन सांगितले, आणि सर म्हणाले लिहून दे, तर लिहून दिले. शुक्रवारी सरांनी दादाला वर्गातून काढले.

आज रविवारी घडले ते असे.

आम्ही दोघी साडेनऊला हॉलमध्ये आलो. खिडकीकडच्या मॅट उचलून काडीने गच्चीवर नेल्या. ती चार-चार नेते, मी एक. अकरापर्यंत छत्तीस मॅट वर गेल्या, दाराकडच्या चोवीस खालीच होत्या. खिडकीकडची फरशी उघडी झाली, तिच्यावर मी साबणाचे पाणी ओतले आणि खराटा मारत होते. काडी गच्चीवरून खाली आली, तिच्या कमरेला पट्टा होता. रविवारी पट्टा कशाला, असे मी तिला सकाळी विचारले होते. ती म्हणाली, "अकराच दिवस राहिलेत ना आज्जी, बांधू दे."

११ वाजून २० मिनिटांनी दादा आला. वेळ मला ठाऊक आहे, कारण समोर भिंतीवर घड्याळ आहे आणि त्याची काच मीच पुसते. तो बूट घालून आत आला. त्या हॉलमध्ये सरसुद्धा बूट घालून येत नाहीत.

काडी म्हणाली, "बूट काढ ना दादा, आज्जीनं धुतलंय."

तो म्हणाला, "सरांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता. सांग, चूक झाली, ती कार्टी खोटं बोलली आणि तूही खोटं लिहिलंस."

"ती खोटं बोलली नाही. मी तिथंच होते."

"मग तू त्या भरतीला कशी जातेस तेच बघतो मी."

मी म्हटले, "ए दांडगोबा, भांडायचं तर बूट काढून भांड."

तो म्हणाला, "म्हातारे, तू तुझी फरशी बघ."

मी माझी फरशीच बघत होते. म्हणून पुढचे सगळे मला नीट दिसले.

त्याने काडीचे उजवे मनगट पकडले. तिने ते सोडवून घेतले. कसे, असे विचारल्यावरून सांगते की, पकडीत चार बोटे एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा एका बाजूला. जोर अंगठ्याच्या बाजूने लावायचा, कोपर पुढे घालून, एका झटक्यात. हे जबाब लिहिणाऱ्या बाईंना पटले नाही म्हणून त्यांना माझे मनगट धरायला लावले आणि करून दाखवले. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी धरले, पुन्हा सोडवून दाखवले. त्यात टेबलावरचा चहा सांडला, तो मी पुसला आहे.

हात सोडवल्यावर काडी दोन पावले मागे सरकली, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरले आणि मोठ्याने म्हणाली, "मागं हो! मला भांडायचं नाही!" हे तिने तीनदा म्हटले. वर्गात हेच शिकवतात, आधी निसटायचे, मग आवाज करायचा, आणि वाटच उरली नाही तर मग हात. खालच्या टायरवाल्याने तिचा आवाज ऐकला असणार. त्याने सांगितले नसेल तर त्याला परत विचारा. वाट नव्हती, कारण दारात दादा होता आणि मागे मी होते.

तो धावून आला आणि त्याने तिची वेणी धरली. पुढे काय झाले ते एका दमात सांगता येते, पण डोळ्यांना ते सावकाश दिसले. ती त्याच्याच ओढीबरोबर आत शिरली, कंबर वळवली, आणि तो माणूस, जो माझ्या दीडपट आहे, तिच्या कमरेवरून पलीकडे मॅटवर गेला. वर्गात हे मी हजार वेळा पाहिले आहे. पण तिथे समोरचा पडायला तयार असतो. पडायला तयार नसलेले माणूस असे हवेतून जाताना मी पहिल्यांदा पाहिले. माझ्या हातातला खराटा उभाच्या उभा राहिला.

तो पडला तशी तीही खाली आडवी झाली, तेव्हा त्याचा उजवा हात तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये होता, अंगठा वर, कोपर तिच्या मांड्यांवर आडवे. तिने कंबर चार बोटे वर उचलली असती तर कोपर उलटे झाले असते. तिने उचलली नाही. त्याने डाव्या हाताने मॅटवर दोनदा आपटले.

तिने सोडले. सोडून उठली आणि बाजूला उभी राहिली. ही पहिली वेळ.

तो उठला. तो हसत होता. त्याने त्याच उजव्या हाताने, मूठ वळून, तिच्या तोंडावर मारले. तिच्या ओठाला दोन टाके पडले आहेत ते इथे सगळ्यांना दिसतात. त्याच हाताने मारले हे वेगळे आणि ठळक लिहावे, कारण मोडलेल्या हाताने कोणी मूठ वळत नाही. आणि हेही लिहावे की त्याने टॅप खोटा केला. ती सोडणार हे त्याला माहीत होते, तिला सोडायला शिकवताना तो शेजारी उभा असायचा. पंगतीला बसून ताटात थुंकावे तसे ते झाले.

ती मागे गेली, पण पडली नाही. तोंडातून रक्त येत होते. तो परत आला. तिने परत तोच हात पकडला, या वेळी मागून वर नेला, आणि तो पालथा मॅटवर आला, तिचा गुडघा त्याच्या पाठीवर. त्याचा चेहरा माझ्या बाजूला होता. त्याने पुन्हा दोनदा आपटले.

आता टायरवाल्याच्या जबाबाविषयी विचारल्यावरून सांगते. त्याने सांगितले आहे की वरून कोणी तरी ओरडले, "सोडू नको! मोड!" फिर्यादीतही तसेच आहे, की काडी हे बोलली आणि तिने धरून ठेवले. ते काडी बोललेली नाही. ते मी ओरडले. "सोडू नको काडे! मोड त्याचा हात!" असे पूर्ण वाक्य होते. शब्द माझे, आवाज माझा, आणि तेव्हा मला तेच हवे होते. वयाचा विचार करून यात काही सौम्य लिहू नये.

का ओरडलात, असे विचारल्यावरून सांगते की, माझ्या लेकीचा हात दोनदा मोडलेला आहे. कसा ते जावयांना ठाऊक. 'सोडा, सोडा' म्हणताना मी तिला भिंतीपलीकडून ऐकले आहे. कोणी सोडले नाही आणि मी भिंत ओलांडली नाही. एवढेच लिहा, याला पुढे-मागे काही जोडू नका.

काडीने माझे ऐकले नाही. मी तिला सतरा वर्षे वाढवले आहे. माझ्या शब्दाबाहेर ती पाणीसुद्धा प्यायली नाही असे नाही, पण मी ओरडले की ऐकते. आज ऐकले नाही. मी ओरडत असताना, तोंडातून रक्त गळत असताना, एकदा फसवणूक झालेली असताना, त्याचा दुसऱ्यांदा हात आपटलेला तिने ऐकला आणि तिची बोटे उघडली. मी ती बोटे पाहत होते. आधी करंगळी, मग बाकीची, मग अंगठा. तिने उघडली असे मला वाटत नाही, ती आपोआप उघडली, कुलूप उघडते तशी. सहा वर्षे रोज केलेले काम त्या हातांत होते, ते तिलाही विचारत नव्हते आणि मलाही विचारत नव्हते. मी आजवर हातांना खूप काही धरताना पाहिले आहे. सोडताना असे पाहिले नव्हते. तिने सोडले, ही दुसरी वेळ.

हात कसा मोडला, असे विचारल्यावरून सांगते. तो उठला आणि डोके खाली घालून बैलासारखा तिच्या अंगावर आला. तिने त्याला हात लावला नाही. ती फक्त एक पाऊल बाजूला झाली. नुसते एक पाऊल. तो तिच्या शेजारून पुढे गेला, आणि पुढे मॅट नव्हत्या. पुढे माझी फरशी होती, साबणाची, आणि त्याच्या पायात बूट होते. दोन्ही पाय वर गेले. पडताना त्याने उजवा तळवा टेकवला. नऊ वर्षे शिकलेला काळ्या पट्ट्याचा माणूस, पहिल्या आठवड्यातल्या पोरासारखा तळवा टेकवून पडला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

डॉक्टरांचा कागद बाईंनी मला वाचून दाखवला. हाड मनगटाच्या वर दोन बोटांवर मोडले आहे असे त्यात आहे. पहिल्या पकडीत मोडले असते तर ते कोपर मोडले असते. दुसऱ्या पकडीत गेला असता तर खांदा गेला असता. मनगट पकडीने मोडत नाही, मनगट पडून मोडते. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना हेच विचारावे, आणि ते वेगळे म्हणाले तर मला बोलवावे, मी त्यांनाही करून दाखवीन.

साबणाविषयी माझे म्हणणे असे की, फरशी मी ओली केली होती आणि पाणी अजून ओढले नव्हते. 'सांभाळ, ओलं आहे' हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, लहान पोरांनासुद्धा. दादाला सांगितले नाही. विसरले म्हणून नाही. तो खिडकीच्या दिशेने निघाला तेव्हा मला दिसत होते, तोंड उघडून सांगायला वेळही होता. मी सांगितले नाही. हा गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर लिहावा, मला कुठे हजर व्हायचे नाही. बाईंनी हे वाक्य गाळू का असे विचारले. गाळू नये. ते गाळले तर बाकीचे खरे कशावरून?

त्यानंतर ११ वाजून २६ मिनिटांपासून ४० पर्यंत घडले ते असे. दादा फरशीवर पडून ओरडत होता. मी खराटा धरून उभी होते, जवळ गेले नाही. काडी गेली. साबणात गुडघे टेकून बसली. लाथा मारायच्या सरावाची जी लहान कडक गादी असते, ती तिने आणायला सांगितली, मी दिली. ती तिने त्याच्या हाताखाली सरकवली. मग कमरेचा पट्टा सोडला आणि त्याने हात गादीला बांधू लागली. पहिली गाठ आवळताना दादाला कळ गेली. त्याने डाव्या हाताने फरशीवर दोनदा आपटले. या वेळी खोटे नव्हते, आपटले तेव्हा त्याला स्वतःलाही कळले नसेल.

तिने तत्काळ गाठ सोडली. हात वर घेतले. म्हणाली, "सॉरी दादा. हळू करते."

मग सैल करून परत बांधले. तिच्या ओठाचे रक्त त्या पट्ट्यावर पडत होते. दादा तिच्याकडे बघत होता. त्याला तेव्हा काय वाटले ते मला माहीत नाही, तो त्याच्या जबाबात सांगेल तर सांगेल. तो रडत होता, पण हात मोडल्यावर कोणीही रडते. टायरवाला वर आला, त्याने गाडी आणली, दादाला हॉस्पिटलमध्ये नेले. दारापर्यंत काडीने त्याचा हात खालून धरला होता.

मी नातीच्या बाजूने बोलते आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, मी तिच्या बाजूने बोलले असते तर साबणाचे सांगितले नसते आणि 'मोड' ओरडल्याचेही नसते. तिची बाजू घ्यायला मी आलेले नाही. ती 'मोड' ऐकून मोडणारी असती तर मी आज तिला घेऊन घरी बसले असते आणि तुम्हाला म्हटले असते, मोडला, काय करायचे ते करा. पण तिने मोडला नाही. ती माझ्यापेक्षा वेगळी निघाली, आणि ते मला आज अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी कळले. माझ्या घरात असे कोणी होईल हे मी धरून चालले नव्हते.

तिच्या स्वतःच्या जबाबाविषयी मला सांगण्यात आले की, तिने "मला आठवत नाही, आज्जीचा आवाज ऐकला एवढंच आठवतं, कदाचित मी सोडला नसेल, कदाचित माझ्याकडूनच मोडला," असे लिहून दिले आहे. ते तिने खोटे सांगितलेले नाही. तिला खरेच ठाऊक नाही. ज्या हातांनी सोडले ते तिला न विचारता सोडत होते, तर तिला कसे ठाऊक असणार? मला ठाऊक आहे, मी बघत होते. म्हणून तिचा जबाब माझ्या जबाबाशी लावून वाचावा आणि फरक पडेल तिथे माझा धरावा.

मुद्देमालाविषयी: पट्टा हॉस्पिटलमधून इथे आणून पाकिटात घातला आहे, तो मी ओळखला. काम झाले की परत मिळावा. धुऊन देऊ नये, रक्ताचे डाग गरम पाण्याने पक्के होतात. मी गार पाण्याने धुते.

जबाब ५ वाजून ५ मिनिटांनी संपला. बाईंनी तो मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, एका जागेखेरीज. शेवटी बाईंनी "साक्षीदाराच्या नातीने दोनदा सोडले" असा गोषवारा लिहिला होता. बाई म्हणाल्या, तिसऱ्या वेळी पकड नव्हती, गाठ होती, ती मोजायची कशाला. मी म्हटले, मोजायची. 'दोनदा' खोडून 'तीनदा' केले आहे आणि खोडलेल्या जागी माझी सही आहे, इथे खाली दुसरी.

एक राहिले, ते सहीच्या वर बसवावे. ती बाहेर बाकावर बसली आहे. साडेतीन तास झाले, आपले हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघते आहे. मला वाचून दाखवला तसा हा जबाब तिलाही वाचून दाखवावा. मोठ्याने वाचावा. तीनदा सोडले, ते तिला अजून कोणी सांगितलेले नाही.